खाऱ्या पाण्यातल्या नळ्या

१२ मे २०२४

टाकीच्या टोकाला पाण्याच्या पाइपाला एक पितळी कुलूप लटकतं. किल्ली कधीच हरवली, कुलूप तसंच राहिलं. आज मेस्त्रीकाकांनी ते हातात घेऊन दाखवलं: निळंहिरवं झालंय, मोरचुदासारखं. मी म्हटलं, समुद्राची हवा. ते म्हणाले, "हवेन हिरवा होता बाय, निळा नाय. ह्या गॅसचा काम."

अमोनियाला तांबं-पितळ चालत नाही. म्हणून आमच्या बर्फाच्या कारखान्यात व्हॉल्व, नळ्या, गेज सगळं लोखंडी. मेस्त्रीकाका कामावर येताना बोटातलं तांब्याचं वळंसुद्धा काढून ठेवतात. कुलूप निळं पडलं याचा अर्थ टाकीवरच्या हवेत थोडाथोडा अमोनिया आहे, आणि आजचा नाही.

त्यांनी टाकीवरची एक फळी उचलली. मी वाकले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

१३ मे

फिनॉल्फ्थॅलीनचा कागद ब्राइनमध्ये बुडवला. गुलाबी. फिकट नाही, लग्नातल्या अक्षतांसारखा गुलाबी. म्हणजे मिठाच्या पाण्यात अमोनिया आहे, त्यात बुडालेल्या कॉइलला कुठंतरी भोक पडलंय.

पुढेमागे वाचताना माझंच मला कळावं म्हणून लिहून ठेवते. टाकीत २०० डबे, एका डब्यात १५० किलोची लादी. लादी धरायला साधारण दोन दिवस, म्हणजे पूर्ण चाललं तर रोज १५ टन. डब्यांभोवती मिठाचं पाणी, उणे दहाच्या आसपास. मीठ आहे म्हणून ते गोठत नाही. त्या पाण्यात लोखंडी नळ्यांची वेटोळी आणि नळ्यांत उकळता अमोनिया. मोकळ्या हवेत तो उणे ३३ अंशांवरच उकळतो, आत दाब राखून आपण त्याला उणे पंधराच्या आसपास उकळायला लावतो. उकळताना लागणारी उष्णता तो ब्राइनमधून ओढतो, ब्राइन डब्यांतून. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, कंडेन्सरवर पाणी पडून तिचा परत द्रव होतो आणि फेरी पुन्हा सुरू.

नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. त्यामुळे भोक पडलं की पाणी आत येत नाही, गॅस बाहेर जातो. पाण्याला अमोनियाची भयंकर हाव, तो सगळा पिऊन टाकतं. म्हणून सुरुवातीला वासच येत नाही. खोलीत गळती झाली तर मेस्त्रीकाका गंधकाची काडी पेटवून नळीवरून फिरवतात. जिथं पांढरा धूर दाट होतो तिथं भोक. पण पाण्याखाली काडी कशी नेणार?

"मे महिनो काढूया," ते म्हणाले. "एक जूनला बंदी. मगे टाकी उपसूया."

मीही म्हटलं, काढूया. हंगाम संपायला १९ दिवस. बांगडा नाही, पण सुरमई आणि सौंदाळे येतायत, सुट्टीला आलेले मुंबईकर मागतायत, आणि वेंगुर्ल्याच्या नवाबाग किनाऱ्यावरच्या होड्यांना रोज बर्फ लागतो.

१६ मे

बाबांना आज सांगितलं. वय ८३. हा कारखाना त्यांनी १९९१ मध्ये काढला, त्यातली यंत्रं त्यांना आमच्या कुंडल्यांपेक्षा जास्त पाठ. खाटेवर पडूनच ऐकत होते. म्हणाले, "कॉम्प्रेसर बरो चलता मां?"

चालतो. अगदी छान चालतो. पुण्याहून आणलेला किर्लोस्कर, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं तरी आवाजात खोट नाही. रिंगा बदलल्या, व्हॉल्व-प्लेटी बदलल्या, बेअरिंगं दोनदा. बिडाचं यंत्र, सुटे भाग मिळतात तोवर मरत नाही.

त्यांच्या खोलीतून निघताना लक्षात आलं की गेली ३३ वर्षं आमच्या घरात यंत्राच्या तब्येतीची चौकशी म्हणजे कॉम्प्रेसरची चौकशी. जे आवाज करतं त्याचीच. कॉइल मिठाच्या पाण्यात गप्प पडून होती. वहीत शोधलं: कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीच्या ४१ नोंदी, कॉइलच्या तीन. तिन्ही ठिकाणी एकच शब्द, "ठिगळ".

१९ मे

कोल्हापूरहून एक विक्रेता आला. पांढरा शर्ट, टॅबवर रंगीत चित्रं. त्याचं म्हणणं, अमोनिया जुनाट आणि विषारी, सगळंच काढून टाका. फ्रिऑनवर चालणारं फ्लेक आइस यंत्र बसवा, बटण दाबलं की बर्फ, मेस्त्री नको.

मेस्त्रीकाका शेजारीच बसून चहा पीत होते.

गॅस कुठला, विचारलं. आर-४०४ए. हा ओझोनला काही करत नाही, पण हवेत सुटला तर किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ चार हजार पट तापवतो. किगालीचा करार भारतानं २०२१ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे २०२८ पासून असल्या गॅसचा वापर आपल्याकडे गोठवला जाणार आणि पुढे तो उतरत जाणार. त्याआधीचा आर-२२ तर माँट्रियल करारानं २०३० ला निघतोच आहे. मी विचारलं, दहा वर्षांनी हा गॅस मला कुठल्या भावानं मिळेल? तो म्हणाला, मॅडम, तोवर नवीन येईल. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या धंद्यात दहा वर्षं म्हणजे फार.

अमोनियाचं उलटं आहे. ओझोनला शून्य, तापमानवाढीला शून्य, किलोला स्वस्त, आणि १८७० च्या दशकापासून, म्हणजे जर्मनीतल्या लिंडेच्या यंत्रापासून, तोच. फक्त माणसाला मारतो.

दुसरा मुद्दा बर्फाचा. फ्लेक म्हणजे पापुद्रे. मासळी झटकन गार करतात, तितक्याच झटकन विरघळतात. ट्रॉलरच्या इन्सुलेटेड खणात ठीक. आमच्याकडे अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून शिरोड्याच्या बाजाराला एसटीनं जाते. पापुद्रे अर्ध्या वाटेतच संपतील.

जाताना तो म्हणाला, विचार करा, दीड टनाचा एसीसुद्धा आम्ही… मेस्त्रीकाका पुढचं ऐकायला थांबले नाहीत. मला मात्र गंमत वाटली. एसीतला तो "टन" म्हणजे बर्फाचाच टन. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी. सगळ्या जगाचा गारवा अजून लाद्यांत मोजतात आणि विकायला मात्र लादी जुनाट.

२३ मे

सकाळी सातला भावाचा फोन. कॅल्गरीला रात्रीचे साडेसात. त्याचा मुलगा हॉकीच्या सरावाला आत गेलेला, हा बाहेर गाडीत. कारखान्यात निम्मा वाटा त्याचा, म्हणून दर महिन्याला हिशेब सांगते. आज कॉइलचं सांगितलं.

तो एकदम गप्प झाला. मग विचारलं, "ताई, ते चालू आहे का आत्ता?"

चालू आहे, म्हटलं. ३१ पर्यंत.

मग त्यानं फर्नीची गोष्ट सांगितली. डोंगरातलं छोटं गाव, त्याच्या घरापासून ३०० किलोमीटरवर, ब्रिटिश कोलंबियात. तिथं नगरपालिकेचं बर्फाचं मैदान. आपला बर्फ विकायचा, त्यांचा घसरायचा, एवढाच फरक. खाली तीच मिठाच्या पाण्याची व्यवस्था, तोच अमोनिया. मैदानावरचा बर्फ तर इंच-दीड इंच जाड. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथे तीन माणसं मेली. यंत्र सांभाळणारी माणसं. चिलरमधल्या एका नळीला सांध्यावर बारीक भोक, त्यातून अमोनिया ब्राइनमध्ये. चौकशीत निघालं की गळती आधीच कळली होती. यंत्र उन्हाळ्यात बंद होतं, हंगाम आला तेव्हा तेच पुन्हा सुरू केलं. नवीन चिलर घ्यायचं त्याच्याही आधी ठरलेलं, पुढं ढकललेलं.

"तिथे सगळे हुशार होते, ताई," तो म्हणाला. "यंत्र कळणारे होते."

माझ्या वहीत १३ मेला "मीही म्हटलं, काढूया" असं लिहिलंय. खोडत नाही.

२४ मे

दुपारी कारखान्याला बाहेरून फेरी मारली. रोज जाते ती गेट, ऑफिस, टाकी एवढीच. आज मागून गेले.

कॉम्प्रेसरच्या खोलीला पाठ लावून पोरांची खोली. ओडिशातली दोन पोरं, दोन वर्षं आमच्याकडे. भिंत एकच, वर पत्रा एकच, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट. खोलीची खिडकी एकच, ती उघडते रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनिया साठतो त्या टाकीच्या, बाजूला. ही खोली मीच बांधून घेतली. रात्री टाकी बघायला माणूस जवळ असावा म्हणून.

खाटा आजच्या आज ऑफिसमध्ये आणल्या. पोरांना आनंद झाला, ऑफिसात पंखा चांगला.

मग गच्चीवर बांबू बांधून त्याला जुनी ओढणी लावली. वारा कुठून येतो ते लांबून दिसावं. अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो असं आपण म्हणतो. पण दमट हवेत तो धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो, आणि आमच्याकडे हवा दमट नसते असा दिवस कुठला? पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. ओढणी ईशान्येला फडफडली. तिकडे वाडी आहे, अंगणवाडी आहे.

संध्याकाळी मेस्त्रीकाकांना म्हटलं, उद्या सकाळी बंद करूया.

"सात दिवसांसाठी?"

"सात दिवसांसाठी."

ते काही बोलले नाहीत. रागावले की ते पान्यांची पेटी आवरायला घेतात. आवरायला घेतली.

२५ मे

किंग व्हॉल्व बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवला, म्हणजे नळ्यांतला अमोनिया ओढून रिसीव्हरमध्ये कोंडता येतो. एरवी दाब पार शून्याच्या खाली नेतात. आज मेस्त्रीकाका गेजसमोर स्टूल टाकून बसले आणि पोराला बजावत राहिले, "काटो शून्याखाली जावक देव नको. खाली गेलो तर भोकातसून मीठपाणी आत येतला, थयसून कॉम्प्रेसरात." रागात असतानाही त्यांनी हे विसरलं नाही. विक्रेत्याच्या टॅबवर हे बटण नव्हतं.

सव्वाअकराला मशीन थांबलं. दुपारी चौघे येऊन भांडून गेले. बरोबरच होतं. आठवडाभर बर्फ मालवणहून आणायचा म्हणजे भाडं आलं, आणि बर्फ नाही तर मासळी किनाऱ्यावरच दलाल म्हणेल त्या भावात. गाबीतवाड्यातली एक म्हातारी, बाबांच्या वेळेपासून रोज पाव लादी नेणारी, म्हणाली, "तुमचा मशीन बंद, माझी चूल बंद." तिला फर्नी सांगून काय होणार? कूपनलिकेच्या पाण्याचे दोन डबे घरच्या फ्रीझरात ठेवून उद्यापासून तिला देते म्हटलं. तेवढ्यावर ती हसली, तेही माझ्या भाबडेपणाला.

रात्री वाटलं, आवाज नाही म्हणून बाबांना झोप लागणार नाही. ते आठपर्यंत घोरत होते. झोप लागली नाही ती मेस्त्रीकाकांना. त्यांच्या सुनेनं सांगितलं, दोनदा उठून अंगणात गेले.

१ जून

बंदी सुरू. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस. होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या. नवाबागच्या वाळूवर आता फक्त कुत्री आणि पर्यटक.

५ जून

टाकी उपसली. सुमारे ३५,००० लिटर मिठाचं पाणी, त्यात अमोनिया. खाडीत सोडून द्या, सगळे तेच करतात, असा सल्ला तिघांनी दिला. मांडवीच्या खाडीत तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका रोज कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात. टँकरवाला गाठून कुडाळला प्रक्रियेसाठी पाठवलं. चार खेपा. खर्च लिहीत नाही, भावाला दिसेल.

टाकीभोवती उष्णता अडवायला बाबांनी त्या वेळी थर्माकोल न घालता भाताचं तूस भरलं होतं, गिरणीतून फुकट मिळायचं म्हणून. ते उकरलं तर अर्धं कोरडं सोनेरी, अर्धं काळा चिखल. ओलं तूस गारवा अडवत नाही. म्हणजे कित्येक वर्षं आम्ही टाकीबरोबर जमीनही गार करत होतो. विजेची युनिटं जात कुठे होती, त्याचं एक उत्तर हे.

६ जून

कॉइल उघडी पडली. मी असं काही पाहिलं नव्हतं. वरून नळ्या जाड दिसत होत्या, नव्यापेक्षा जाड. हातोडीनं टिचकी मारली की गंजाचे पोपडे पडायचे आणि आत नळी करंगळीएवढी. ब्राइनची पातळी खालीवर होते त्या रेषेवर सगळ्यात वाईट. हवा आणि मीठ दोन्ही मिळतात तिथं. १४ ठिगळं मोजली. वहीत तीनच आहेत.

मेस्त्रीकाका बराच वेळ काठावर उभे. मग स्वतःशीच, "ह्या आमी चलवत होतो."

८ जून

मृग लागला, रात्री पाऊस. टाकी रिकामी, तिच्यात पावसाचं पाणी साचलं आणि एक बेडूक आला.

कंटाळा होता म्हणून बाबांशी बोलत बसले. ते लहानपणीचं सांगत होते, वेंगुर्ल्यात बर्फ नव्हता तेव्हाचं. मासळी खारवायची. बांगडा चिरून मीठ भरायचं, थर लावायचे, घाटावर पाठवायचा. मीठ शिरोड्याच्या मिठागरांतलं, १९३० चा सत्याग्रह जिथं झाला तेच. बर्फ आला आणि ताजा बांगडा आला. "मीठ कमी झाला म्हणतत लोक," बाबा म्हणाले. "खय झाला? टाकीत गेला."

खरंच. टाकीत एका वेळी आठ टन मीठ असतं आणि आजही ते शिरोड्याहूनच येतं. पूर्वी मासळीला लागत होतं, आता मासळीच्या बर्फाला लागतं. दोन्ही वेळा ते माशाला राखतं. नळ्यांना नाही.

मुंबईला पहिला बर्फ १८३४ मध्ये जहाजानं अमेरिकेतून आला होता, तळ्यांतून कापलेला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत त्याचं आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली म्हणून बोंब झाली. त्या बर्फाला ना कॉइल ना अमोनिया, नुसता लाकडाचा भुसा. बाबांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "भाडा किती पडला आसतला?"

१३ जून

अनुदानाचं बघून आले. मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखान्याच्या आधुनिकीकरणाला पैसे आहेत: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. कारखाना कागदोपत्री बाबांच्या नावावर. माझ्या नावावर करायचा तर भावाची सही, वकिलातीतून शिक्का, सातबारा, मग अर्ज, मग पाहणी. मंजुरीआधी काम सुरू केलं तर काही मिळणार नाही. आणि योजनेची मुदत याच आर्थिक वर्षाअखेर.

मेस्त्रीकाकांना सांगितलं. म्हणाले, "बाबांका बाई करूक येवचा नाय, आणि पावसाक थांबूक सांगूक येवचा नाय."

१७ जून

रात्री बारापर्यंत कागद घेऊन बसले. तीन रकाने.

पहिला: ठिगळ. ९०,००० रुपये. १५ वं.

दुसरा: सगळंच नवं. नवा कॉम्प्रेसर, नवी टाकी, कॉइल, कंडेन्सर, आपोआप चालणारं पॅनेल. ५५ लाख. वीज वाचेल; सध्या टनाला सुमारे ६५ युनिट लागतात, ती ५० वर येतील असं कंपनी म्हणते. पूर्ण क्षमतेनं १५ टन काढले तर दिवसाला २२५ युनिट, म्हणजे २,००० रुपये. पण वर्षात पूर्ण क्षमतेचे दिवस किती? बंदीचे ६१ गेले, वादळाचे गेले (२०२१ च्या तौक्तेत आमच्याकडे सहा दिवस वीजच नव्हती, टाकीतल्या सगळ्या लाद्या पाणी झाल्या), मासळी नसलेले गेले. वर्षाला तीन-चार लाख वाचतील. पंधरा वर्षं लागतील फिटायला, व्याज सोडून.

तिसरा: अमोनिया ठेवायचा, कॉम्प्रेसर ठेवायचा, बाकी पाण्यात बुडालेलं सगळं नवं. कॉइल, टाकी, तुसाच्या जागी पफ, गळक्या कंडेन्सरच्या जागी नवा, वर अमोनियाचे सेन्सर आणि मोठा एक्झॉस्ट पंखा. २२ लाख ४० हजार.

भावाला तिन्ही पाठवले. त्याचा एकच प्रश्न: "पोरांची खोली कुठल्या रकान्यात आहे?"

कुठल्याच नव्हती. चौथी ओळ घातली: खोली गेटपाशी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, १ लाख ८० हजार. बेरीज २४ लाख २०. तिसरा रकाना. अनुदान सोडलं. ६० टक्के सोडताना हात थरथरला, इथं लिहायला हरकत नाही. पण ऑगस्ट अनुदानासाठी थांबत नाही, आणि जुन्या कॉइलवर ऑगस्ट काढणं आता मला जमणार नव्हतं.

कर्जासाठी आईचे दागिने नकोत, असं बाबा स्वतःहून म्हणाले. म्हणजे त्यांना बेरीज कळली होती.

६ जुलै

काम सुरू. पाऊस, वेल्डर, पाऊस. वेल्डिंगची कांडी ओली झाली की सांध्यात बुडबुडे राहतात म्हणून कांड्या चुलीच्या उबेला ठेवल्यात, पापडांच्या डब्याशेजारी.

१५ जुलै

नव्या कॉइलमध्ये नायट्रोजन भरून दाब धरला. साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला. रात्रभर गेजचा काटा हलू नये. मेस्त्रीकाकांनी काट्याच्या टोकाशी काचेवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि घरी गेलेच नाहीत. पहाटे रेघ आणि काटा यांत केसाएवढं अंतर. सगळ्यांचे चेहरे पडले. तासाभरानं ऊन आलं, गॅस तापला, काटा परत रेघेवर. रात्रीच्या गारव्यानं दाब उतरला होता एवढंच.

आषाढी दोन दिवसांवर. घरात साबुदाणा नाही.

२६ जुलै

मीठ आलं. आठ टन, शिरोडा. पोती फोडताना पोरांच्या हातांच्या भेगा चरचरल्या. नवं ब्राइन काचेसारखं नितळ. तळातल्या नळ्या दिसतात. मला हे माहीतच नव्हतं की त्या दिसू शकतात.

रिसीव्हरमधून अमोनिया सोडला. कागद बुडवला. रंग नाही. दर तासाला बुडवत राहिले, संध्याकाळी मेस्त्रीकाका म्हणाले, "कागद संपतलो बाय."

३१ जुलै

पहिल्या लाद्या. मधोमध पांढऱ्या रेघा, कडेला थोडा गंज. नव्या डब्यांना होतं तसं. मासळीच्या बर्फात २०१८ पासून निळा खाद्यरंग टाकायचा नियम आहे, सरबतात कुणी वापरू नये म्हणून. पोरांनी पहिल्या खेपेला रंग जास्त टाकला. मध्यरात्री होड्यांवर गेल्या त्या लाद्या आभाळासारख्या दिसत होत्या.

३ ऑगस्ट

बांगडा आला. म्हातारीही आली. पाव लादीचा भाव पाच रुपयांनी वाढवलाय, ते ऐकून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्यापुरता जुनाच भाव ठेवला. मग तिच्या मागच्या सातजणींनी ते ऐकलं.

७ ऑगस्ट

भंगारवाला एकदाचा आला. जुनी कॉइल कापून काट्यावर घातली. बाबांना खुर्चीवर बसवून गेटपाशी आणलं होतं, मांडीवर १९९१ ची वही. कॉइलच्या नळ्यांचं बिल त्यांनी शोधून ठेवलेलं: ३,४६० किलो.

काट्यावर २,८१०. त्यात १४ ठिगळं आणि तीन-चार बादल्या गंज.

बाबांनी वजाबाकी वहीतच केली, शाईच्या पेनानं, हातचा घेऊन. ६५०. त्याखाली रेघ मारून माझ्याकडे पाहिलं.

"ह्या खय गेला?"

मेस्त्रीकाका म्हणाले, "टँकरान कुडाळाक."

भंगारवाल्यानं २,८१० चे पैसे मोजले. गंजाचे कापून.